न्हाणीघराचा ढाळ

१४ मार्च २०२२, तायपिंग

आज घराची किल्ली मिळाली. अल्हम्दुलिल्लाह.

सत्तावीस वर्षं गावोगावच्या दवाखान्यांत नर्स म्हणून काढली. सहा बदल्या, सहा सरकारी क्वार्टर्स. भिंतीत खिळा मारायचा तर अर्ज, पेरूचं रोप लावलं तर पुढच्या बाईने पेरू खाल्ले. आज दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि मनात आलं, इथून आता बदली नाही. डोळ्यांत पाणीच आलं. इद्रुस म्हणाले, "मिसी, रडून घर भिजवू नकोस, नवं आहे." खेडोपाडी नर्सला मिसी म्हणतात, आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी नवराही मिसीच म्हणतो.

घर एकमजली आहे, अठरा घरांच्या रांगेतलं, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. जिना नाही म्हणूनच घेतलं. इद्रुस जन्मभर अँब्युलन्स चालवायचे. चार वर्षांपूर्वी झटका आला आणि ते स्वतःच अँब्युलन्समध्ये आडवे झाले. डावा हात गेल्यातच जमा, डावा पाय ओढत चालतात, चार पायांची चौकट धरून. या घरात झोपायच्या खोलीला लागूनच न्हाणीघर, दार रुंद, मध्ये उंबरा नाही. नकाशा बघितला तेव्हाच मी म्हटलं होतं, हे घर कुणीतरी यांच्यासाठीच काढलंय.

किल्ली द्यायला बिल्डरच्या कचेरीतली हसनिदा आली होती. काय गोड मुलगी! फळांची परडी घेऊन आली, माझा हात कपाळाला लावला, मावशी म्हणावं तसं मकचिक म्हणाली. "मकचिक, तुम्ही मला आईसारख्या. काहीही लागलं तर थेट मला फोन."

तिच्याबरोबर साइटचे सुपरवायझर होते, फूंग म्हणून. साठीच्या अलीकडचे, अंगाने काटक, कपाळाला सारखं हिरव्या बाटलीतलं तेल चोळणारे. हसणं नाही, अभिनंदन नाही. मी ताब्याच्या कागदावर सही करायला वाकले तर म्हणतात, "आधी न्हाणीघरात एक बादली पाणी ओता. मग सही करा."

"अहो, नळाला पाणी आहे की," मी म्हटलं.

"नळाचं नाही विचारत मी. जमिनीचं विचारतोय."

हसनिदा हसली, "मिस्टर फूंगना स्वप्नातही पाणीच दिसतं." मीही हसले आणि सही केली. तर त्यांनी एक पिवळा फॉर्म माझ्या हातात कोंबला. "बिघडलं तर यावर लिहायचं. तोंडी नाही. तारीख घालायची, पोच घ्यायची."

पहिल्याच दिवशी बिघडण्याच्या गोष्टी! काही माणसांना आनंदाच्या घरी कसं बोलावं तेच कळत नाही.

२२ मार्च

न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे जात नाही. खोलीकडे येतं.

पहिल्या दिवशी वाटलं, मीच जास्त ओतलं. आज नीट पाहिलं. जाळी आहे पलीकडच्या कोपऱ्यात, आणि जमिनीचा ढाळ आहे दाराकडे. इद्रुस खुर्चीवर बसून अंघोळ करतात, मी तांब्याने पाणी घालते; अर्ध्या अंघोळीतच पाणी पलंगाखाली पोचतं. मग मी पुसते, पिळते, पुन्हा पुसते.

इद्रुस म्हणाले, "छान आहे की. नदीकाठचं घर."

पण तक्रार कशाची करायची? छप्पर आपलं आहे. कितीतरी लोकांना तेही नाही.

३ एप्रिल

आज पहिला रोजा. हसनिदाला फोन केला. म्हणाली, "मकचिक, फॉर्मबिर्म भरत बसू नका, कागद वरच्या टेबलावर महिनाभर पडून राहतो. मीच माणूस पाठवते." मला तेच बरं वाटलं. आपल्या मुलीला कुणी अर्ज लिहितं का?

१९ ऑगस्ट

साडेचार महिन्यांनी दोन माणसं आली. मध्ये मी सहा वेळा फोन केला, दर वेळी ती तितक्याच गोडीने बोलली. माणसांनी न्हाणीघराच्या दारात सिमेंटची बोटभर उंच पट्टी घातली आणि वर टाइल चिकटवली. पाणी आता खोलीत येत नाही, आत साचून राहतं. घोट्याइतकं नाही, पण पावलं बुडतात. मी खराट्याने जाळीकडे लोटते.

पट्टीवरून इद्रुसची चौकट जात नाही. उचलावी लागते. एका हाताने ती उचलायची म्हणजे पाय डगमगतो. मी पाठीमागे उभी असते.

तरी माणसं आली हेच खूप. त्यांना चहा आणि तळलेली केळी दिली. हसनिदाला आभाराचा निरोप पाठवला.

९ जानेवारी २०२३

आज लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. इद्रुसनी मला हाक मारली नाही. मारायला हवी होती. चौकट पट्टीला अडली, ते पुढे गेले, चौकट मागे राहिली. पडल्याचा आवाज मी जन्मभर ऐकत आले आहे, पण आपल्या माणसाचा वेगळाच असतो.

उजवं मनगट मोडलं. म्हणजे जो एक हात होता तोही गेला सहा आठवडे. डोकं वाचलं. देवाची कृपा, डोकं वाचलं.

दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या पोराला ते म्हणतात, "नीट घाल रे, याच हाताने मी अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं वेळेवर पोचवली." सगळे हसले. मी बाहेर जाऊन पाठ भिंतीला टेकवून उभी राहिले. चूक माझी. मला मागे असायला हवं होतं.

२० जानेवारी

आज हसनिदा भेटायला आली. पुन्हा परडी, या वेळी संत्री, चिनी नववर्ष दोन दिवसांवर आहे ना. इद्रुसचा हात बघून तिचे डोळे भरले. खोटे नव्हते ते. मला कळतं.

तिने एक कागद आणला होता. म्हणाली, "दुरुस्ती झाली, एवढंच लिहिलंय, मकचिक. ही फाइल बंद झाली की वरचे लोक मला मोठ्या दुरुस्तीची परवानगी देतील." मी चष्मा शोधायला लागले, सापडेना. ती म्हणाली, "वाचण्यासारखं काही नाहीच, इथे फक्त सही."

तेवढ्यात फूंग आले. तिच्यामागून मोटारसायकलवर आले असावेत, धापा टाकत होते. आले ते बुटांसकट आत! म्हणाले, "सुपरवायझरच्या तपासणीशिवाय हा कागद चालत नाही. नियम आहे." हसनिदा म्हणाली, "कुठला नियम?" ते सरळ न्हाणीघरात गेले, बादली भरली आणि ओतली. एक नाही, तीन बादल्या. पाणी पट्टीवरून चढलं, खोलीत आलं, माझ्या नव्या चटईखाली शिरलं. केलांतानहून आणलेली चटई, उद्या पाहुण्यांसाठी अंथरली होती!

"अहो, काय करताय हे!" मी ओरडलेच.

त्यांनी खिशातून वही काढली, घड्याळ बघितलं, लिहिलं, आणि हसनिदाला म्हणाले, "पाणी खोलीत गेलं. वेळ अकरा वीस. मी असं लिहिलंय. आता दुरुस्ती झाली असा कागद कसा देणार?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, मॅडम, चष्म्याशिवाय सही करत जाऊ नका." जाताना ‘माफ करा’ नाही, काही नाही.

हसनिदा बिचारी कागद तसाच घेऊन परत गेली. त्या माणसापायी तिची खेप वाया गेली. मी दुपारभर चटई पिळत होते आणि त्याला मनातल्या मनात नको ते बोलत होते. इद्रुस पलंगावरून बघत होते. म्हणाले, "माणूस बुटांसकट आला, पण आला." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

५ जून

शेजारच्या कनगा टीचरची आज नीट ओळख झाली. तमिळ शाळेत गणित शिकवते, आईबरोबर राहते. इतके दिवस नुसतं हसणं आणि गेटवरून कढीपत्त्याची देवाणघेवाण. आज तिने विचारलं, "अक्का, तुमचं न्हाणीघर पोहतं का हो?" तिचंही तसंच! म्हणे पूर्ण रांगेत तसंच आहे, अठराच्या अठरा घरांत. प्रत्येकाला वाटतं, आपल्याच घरात काहीतरी चुकलंय.

मी तिला पट्टी दाखवली, मनगटाचं सांगितलं. तिचा चेहरा बदलला. घरी जाऊन करारनामा घेऊन आली. तो आमच्याकडेही आहे, कपाटात, कुराणशरीफच्या खालच्या फळीवर, किल्ली मिळाल्यापासून उघडलेला नाही. तिने तर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"हे बघा. ताबा दिल्यापासून चोवीस महिने. या काळात जो दोष निघेल तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, लेखी कळवल्यापासून तीस दिवसांत. तुम्ही लेखी कळवलंत?"

"फोन केले होते."

"अय्यो अक्का! फोनला तारीख असते का?"

मी म्हटलं, "टीचर, आमच्याशी ते चांगले वागले. एवढं घर मिळालं. आता भांडण कशाला? कृतघ्नपणा होईल."

तिने मुलांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "घर मिळालं नाही, अक्का. घर विकत घेतलंत."

६ जून

इद्रुस आज फार बोलले. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली, लांब वाक्य आलं की घाम येतो. म्हणून एवढं बोलले ते इथे लिहून ठेवते.

सकाळी अंघोळीनंतर मी पाणी लोटत होते. म्हणाले, "मिसी, लेंगगाँगची ती बाई आठवते? बाळाला लस नको म्हणाली. सरकारला त्रास कशाला, म्हणाली."

आठवते तर. पावसात दोनदा गेले होते तिच्याकडे. अँब्युलन्स ओढ्याअलीकडे ठेवून हेच सोबत आले होते.

"तू तिला काय म्हणालीस?"

मला आठवत होतं. ‘बाई, ही भीक नाही, ही तुझ्या लेकराची आहे. त्याचं आहे ते त्याला घेऊ दे.’

ते म्हणाले, "मी पण कुणाचं तरी लेकरूच आहे ना." आणि हसले. "मला एकट्याने अंघोळ करायचीय, मिसी. पाच वर्षं तू बघत्येस. दार लावून करायचीय."

मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, मी पाणी घालते ते त्यांना आवडतं.

८ जून

तो पिवळा फॉर्म शोधला. किल्लीच्या पाकिटात घडी करून पडला होता. भरला. तारीख घातली. कचेरीत नेऊन दिला आणि पोच मागितली. टेबलामागची मुलगी म्हणाली, "पोच कशाला, आंटी?" माझे कान तापले, पण मी म्हटलं, "नर्स होते. नोंद नसेल तर इंजेक्शन दिलं असं आम्ही धरत नाही." तिने शिक्का मारला.

शिक्का बघून इतका आनंद का झाला कुणास ठाऊक.

१२ ऑगस्ट

तीस दिवस होऊन गेले. साठही झाले. दुसरं पत्र दिलं, त्याचीही पोच घेतली. हसनिदाचा फोन आला, आवाज थोडा दुखावलेला होता. "मकचिक, तुम्ही मला सांगायचं सोडून पत्रं देताय?" मला दिवसभर अपराधी वाटत राहिलं.

कनगा म्हणते, घर विकत घेणाऱ्यांसाठी सरकारचं वेगळं न्यायाधिकरण आहे. वकील लागत नाही, दोन्ही बाजूंना आणताच येत नाही. फी म्हणजे नारळाच्या भाताची, नासी लेमाकची, दोन-तीन पाकिटं. मी म्हटलं, एवढ्या स्वस्तात न्याय कसा मिळेल? ती म्हणाली, "लस पण फुकटच द्यायचात ना?" इद्रुसनी हिला काय काय सांगून ठेवलंय!

१७ ऑक्टोबर

आज टपालपेटीत एक तपकिरी पाकीट सापडलं. नाव नाही, तिकीट नाही. आत न्हाणीघराच्या मंजूर नकाशाची प्रत. त्यात जाळी दाराच्या बाजूला दाखवली आहे! शेजारी पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत: ‘मागची सांडपाण्याची वाहिनी सरकली म्हणून जाळी पलीकडे नेली. ढाळ बदलला नाही. अठरा घरं. सप्टेंबर २०२१. कचेरीला लेखी कळवलं होतं.’

म्हणजे किल्ली देण्याआधी सहा महिने त्यांना माहीत होतं. मी पायरीवर बसूनच राहिले. रागापेक्षा लाजच वाटली. त्या संत्र्यांसाठी मी किती आभार मानले होते.

पाकिटाला हिरव्या तेलाचा वास येतोय. कनगाच्या आईला संधिवात आहे, ती तेच तेल लावते, म्हणजे हे टीचरचंच काम. पंचायतीच्या कचेरीतून नक्कल काढली असणार. विचारलं तर म्हणते, "मी नाही हो अक्का, देवाशपथ नाही." ज्यांचे उपकार मोठे असतात ती माणसं अशीच कानावर हात ठेवतात. तिच्यासाठी चणाडाळीचे वडे केले.

इद्रुसना पाकीट दाखवलं. त्यांनी नाकाशी नेलं, वास घेतला, बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "हं. टीचरच असणार." आणि खिडकीबाहेर बघत हसत राहिले. औषधांमुळे असं कधीकधी होतं त्यांना.

२ नोव्हेंबर

अर्ज दाखल केला. कनगाने तिचाही केला. अर्जाच्या कागदावर ‘दावेदार’ म्हणून माझं नाव: रोहाया बिंती मुसा. आजवर माझं नाव नेहमी ‘कर्मचारी’ या रकान्यात असायचं.

१६ जानेवारी २०२४, इपोह

सुनावणी झाली. गाडी कनगाने चालवली. इद्रुस यायचंच म्हणाले. पुढच्या सीटवर बसून वाटभर तिला ओव्हरटेक कधी करायचं ते सांगत होते.

मला वाटलं होतं सिनेमातल्यासारखं कोर्ट असेल. एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि टोकाला अध्यक्षाबाई, डोक्यावर करडा स्कार्फ, बोलणं मोजकं. समोरच्या बाजूला हसनिदा आणि फूंग. फूंग नेहमीसारखेच, चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

मी सांगितलं ते नीट झालं असं कनगा म्हणते. मला काहीच आठवत नाही, फक्त हात मांडीखाली दाबून बसले होते ते आठवतंय.

मग हसनिदा बोलली. खाली बघून, कागदावरून वाचत. म्हणाली, मूळ काम योग्य होतं. दारातली पट्टी घरमालकाने स्वतः मागून घेतली, बहुधा बाहेरच्या माणसाकडून घातली. अपघात त्या पट्टीमुळे झाला. म्हणून कंपनी जबाबदार नाही.

मी तिच्याकडे बघत राहिले. त्या दोन माणसांना मी केळी तळून दिली होती. त्यांचे आभार मी हिलाच कळवले होते! अध्यक्षाबाईंनी विचारलं, "यावर तुम्हाला काही म्हणायचंय?" मी नुसती मान हलवली. नर्स म्हणून पोलिसांसमोर बोलले, मंत्र्यासमोर बोलले, आणि इथे एवढंच.

इद्रुस बोलले. उभे राहिले, चौकट धरून. त्याला वेळ लागला, सगळे थांबले. म्हणाले, "मी... अँब्युलन्स चालवायचो. मी माझ्याच दारात... अडथळा बांधून घेईन का?"

अध्यक्षाबाई फूंगकडे वळल्या. "साइटवर तुम्ही होतात. पट्टी कुणी घातली?"

हसनिदाने त्यांच्याकडे बघितलं. विनवणी केल्यासारखं. फूंगनी खिशातली बाटली काढली, पुन्हा ठेवली.

"आम्ही," ते म्हणाले. "आमच्याच माणसांनी. मी नको म्हणालो होतो. वरून सांगितलं, सगळी जमीन फोडण्यापेक्षा पट्टी स्वस्त पडते."

मग त्यांनी ती वही टेबलावर ठेवली. वीस जानेवारी, अकरा वीस, तीन बादल्या, पाणी खोलीत गेलं. चटई भिजली, तेही लिहिलेलं! स्वतःची बाजू राखण्यासाठी सगळं लिहून ठेवणारा माणूस. पण आज आमच्या उपयोगी पडलं.

अध्यक्षाबाईंनी नकाशा कुठून मिळाला ते विचारलं. टीचरला त्रास नको म्हणून मी एवढंच म्हटलं, "टपालपेटीत होता." फूंग टेबलाकडे बघत होते. बाई म्हणाल्या, "बरं. मूळ प्रत कंपनीने आठवड्याभरात हजर करावी."

बाहेरच्या ओट्यावर हसनिदा एकटीच उभी होती. मला बघून म्हणाली, "मकचिक, ते मी लिहिलेलं नव्हतं. मला फक्त वाचायला दिलं होतं. धाकटी दोन भावंडं शिकताहेत माझी." मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. तरी मी पिशवीतला केळीच्या पानातला भात तिला दिला. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं, चेहऱ्यावरूनच कळत होतं. तिने घेतला. मी म्हटलं, "पुढच्या वेळी वाचायच्या आधी चष्मा लाव, बाळ." हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं?

७ फेब्रुवारी

निकाल आला. न्हाणीघराची जमीन पूर्ण फोडून, ढाळ बदलून, पट्टी काढून, तीस दिवसांत नव्याने करून द्यायची. दवाखान्याचा खर्चही त्यांनीच द्यायचा. कनगाचाही तसाच निकाल. आता रांगेतली अकरा घरं अर्ज भरताहेत, आणि माझ्या ओसरीत रोज संध्याकाळी पिवळे फॉर्म घेऊन बायका बसतात. मी त्यांना एकच विचारते, "तारीख घातली का?"

आभाराची, शुकराची नमाज पढले. कितीतरी वेळ सजद्यातून उठलेच नाही. इद्रुस म्हणाले, "झोपलीस की काय?"

२६ फेब्रुवारी

काम सुरू झालं. देखरेखीला फूंगच आले. या वेळी बूट दाराबाहेर काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

जुनी जमीन फोडताना नुसती पोकळ वाजत होती. ते प्रत्येक थराला पातळी लावून बघत होते, कामगारांना ओरडत होते, एकदा तर ओलं सिमेंट खरवडून काढायला लावलं. एवढी काळजी दोन वर्षांपूर्वी घेतली असती तर! असं मी इद्रुसना हळूच म्हटलंही. ते म्हणाले, "त्याला चहा दे, मिसी. कडक. दूध जास्त."

८ मार्च

काम संपलं. टाइल्सचे सांधे वाळले. फूंगनी बादली भरली, मला म्हणाले, "तुम्ही ओता, मॅडम."

मी ओतली. पाणी क्षणभर थांबलं, जणू विचार करत होतं. मग सरळ जाळीकडे गेलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत फूंग गुडघ्यावर बसून बघत होते. मग एका बोटाने जमीन पुसून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी पाहिलं. हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या वाटेवरचं काहीतरी.

चहाला बसले. दोन कप प्यायले. मी विचारलं, आता पुढची घरं ना? म्हणाले, "नाही. हे माझं शेवटचं. कंपनीत आता काम नाही मला." मी म्हटलं, "बरं झालं, वय झालं, आराम करा." ते म्हणाले, "हो. आराम."

निघताना इद्रुस चौकट धरून दारापर्यंत गेले, आणि उजवा हात, तोच मोडलेला, त्यांच्यापुढे केला. फूंगनी तो दोन्ही हातांत धरला. मग इद्रुसनी तो हात छातीवर ठेवला. पोचवायला गेले ते गेटपर्यंत, आणि मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. एवढं पगारी काम करणाऱ्या माणसासाठी! मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. माणूस बरा आहे."

कामगाराशी असं वागायला मला जमलं नसतं. इद्रुसचं मन मोठं आहे, हेच खरं.

११ मार्च

उद्यापासून रोजे. सकाळी घर धुऊन काढलं. अकराच्या सुमाराला इद्रुस म्हणाले, "मिसी, टॉवेल दे. आणि तू बाहेर."

चौकट सरळ आत गेली, कुठेही अडली नाही. दार लागलं. कडीचा आवाज आला. मी पलंगाच्या कडेला बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. हाताला काहीच काम नव्हतं. मग आतून पाण्याचा आवाज आला. एक तांब्या. बराच वेळ गेला. दुसरा. मध्ये साबण खाली पडला, मी ताडकन दारापाशी गेले. आत त्यांनीच तो कसातरी उचलला, आणि सायरनचा आवाज काढला, अँब्युलन्सचा, तोंडाने, हळूच. मग जोरात.

मी तिथेच उभी राहून ज्यांचे ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावं घेतली. अल्लाहचं. कनगा टीचरचं, तिच्या त्या पाकिटासाठी. अध्यक्षाबाईंचं. हसनिदाचंही घेतलं, पोर वाईट नाही. शेवटी फूंगचंही घेतलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

दाराखालून एक थेंबही बाहेर आला नाही.

"मिसी," आतून आवाज आला, "दाराशी उभी आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.